कोण आहे

माझ्या धंद्यात गिऱ्हाइकाचं फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "मी काहीच केलं नाही हो, आपोआप झालं." आपोआप काही होत नाही, हे मला माहीत असतं आणि त्यांनाही. तरी मी "हो, होतं असं" म्हणते आणि पत्ता लिहून घेते.

घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करायचं हे काम मी वीसेक वर्षं करते आहे. वडील खडकीला कारखान्यात होते. मुलीनं सरकारी नोकरी धरावी अशी त्यांची इच्छा होती. मी क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायला लागले, क्लास बंद पडला आणि जुने विद्यार्थी आपल्या आई-वडिलांसाठी मला घरी बोलवायला लागले. त्या आई-वडिलांनी शेजाऱ्यांना नंबर दिला. आज माझी निम्म्याहून अधिक गिऱ्हाइकं सत्तरीच्या पुढची आहेत. मुलं परदेशात, नाहीतर हिंजवडीला. पुण्यात राहणाऱ्याच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच लांब.

लोकांना वाटतं आम्ही स्क्रू-ड्रायव्हर घेऊन काहीतरी खोलतो. खरं सांगायचं तर निम्म्या वेळा काही बिघडलेलंच नसतं. डिफॉल्ट बदललेलं असतं. घराची बेल वाजली की दार कोणी उघडायचं हे जसं प्रत्येक घरात न बोलता ठरलेलं असतं, तसंच कॉम्प्युटरमध्येही असतं. फोटोवर बोट ठेवलं की तो कोणत्या प्रोग्रॅममध्ये उघडायचा, मेलमधली लिंक दाबली की कोणत्या ब्राउझरमध्ये उघडायची, हे आधी ठरलेलं असतं. ठरवलेलं कोणी असतं? कधी कंपनीनं, कधी नातवानं. कधी तुम्ही स्वतःच, मध्येच आलेली पाटी न वाचता 'ओके' दाबून. पाटी वाचायची नाही हा तर आपला राष्ट्रीय गुण आहे. पुण्यात पाट्या लावतात भरपूर, पण वाचतं कोण?

कात्रजच्या एका आजोबांनी मला एकदा घाईघाईनं बोलावलं होतं. गेले तर घराच्या खिडक्या बंद, इंटरनेटची वायर उपटलेली. म्हणाले, "माझं पेन्शनचं पत्र सगळ्या जगाला दिसतंय." झालं होतं इतकंच की पत्राची फाइल आता ब्राउझरमध्ये उघडत होती. ब्राउझर म्हणजे इंटरनेट, म्हणजे आपलं पत्र चव्हाट्यावर, असा त्यांचा हिशेब. मी वायर काढलेल्या अवस्थेतच ती फाइल उघडून दाखवली, तेव्हा खिडक्या उघडल्या. आजींनी पोहे केले.

अशा गोष्टी मी हसत सांगत आले. शनिवार पेठेतलं आठल्यांचं घर मात्र हसत सांगता येत नाही. मी ते आजवर कुठे सांगितलं नव्हतं. आता काका-काकूंना विचारून, नावं बदलून लिहिते आहे.

आठल्येकाकांचा फोन दुपारी आला. आवाज कोरडा. "मॅडम, कॉम्प्युटर बिघडलाय की आमची पत्नी, ते बघून सांगायचं आहे. येता का?"

तिसऱ्या मजल्यावरचं घर. वाडा पाडून बांधलेली इमारत, त्यामुळे सगळ्या खोल्या नव्या आणि माणसं जुनी. काका बँकेतून निवृत्त झालेले, काकू शाळेत भूगोल शिकवायच्या. दारातच काकांनी चपलांकडे बोट दाखवलं, मी त्या काढल्या, आणि मी आत पाऊल ठेवायच्या आधीच त्यांनी हलक्या आवाजात सांगून टाकलं. दोन वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता मुलगा, मिहीर, पानशेतच्या बाजूला पाण्यात बुडाला. एकटाच मोटारसायकलवर गेला होता. दुसऱ्या दिवशी सापडला. फोन मिळाला नाही, तो पाण्यातच गेला असं सगळ्यांनी धरलं. कॉम्प्युटर त्याचा आहे. तो आता काकू वापरतात.

"आणि ती म्हणते," काका म्हणाले, "की तो त्यातून बोलतो. तुम्ही ते त्याचं जे काय आहे ते काढून टाका. म्हणजे हे खूळ थांबेल."

काकू मिहीरच्या खोलीत टेबलापाशी बसल्या होत्या. पातळ बांधा, सुती साडी, हाताची घडी. मी विचारलं, "काय होतंय काकू?"

त्यांनी नीट सांगितलं, वर्गात सांगावं तसं. त्यांचा ब्राउझर निळा, मिहीरनंच लावून दिलेला. त्यात त्या वर्तमानपत्र वाचतात, बहिणीला मेल लिहितात. ते सगळं ठीक आहे. पण मेलमध्ये किंवा सोसायटीच्या निरोपात एखादी लिंक आली आणि ती दाबली, की ती निळ्यात उघडत नाही. दुसराच ब्राउझर उघडतो. मिहीरचा. कोपऱ्यात गोलात त्याचा फोटो येतो.

"यात घाबरण्यासारखं काही नाही काकू," मी म्हणाले. "त्यानं तो डिफॉल्ट ठरवलेला आहे, म्हणून लिंक तिकडे जाते. मी बदलून देते. दोन मिनिटांचं काम."

"ते मला कळतं," काकू म्हणाल्या. "तेवढ्यासाठी नाही बोलावलं. ह्यांनी बोलावलं असेल. अहो, तुम्ही चहा टाकता का?"

काका स्वयंपाकघरात गेले. काकूंनी एक लिंक दाबली. मिहीरचा ब्राउझर उघडला, गोलात हसरा, दाढी वाढलेला पोरगा. काकूंनी वरच्या शोधायच्या जागेत बाण नेऊन नुसतं क्लिक केलं. आधी काय काय शोधलं होतं त्याची यादी खाली उतरली. पहिल्या ओळीवर काकूंनी बोट ठेवलं.

'मेलेल्या माणसाचा फोन वापरला तर काय होते'.

खाली दुसरी ओळ. 'पाण्यात गेलेला माणूस परत दिसतो का'. त्याखाली 'सातवी भूमिती'. त्याखाली याच शनिवार पेठेचा नकाशा.

"हे मी लिहिलेलं नाही," काकू म्हणाल्या. "ह्यांना वाटतं मीच लिहिते आणि विसरते. मी एकच गोष्ट लिहिली होती, फार दिवसांपूर्वी. ती ह्यांना माहीत नाही." त्यांनी यादी खाली सरकवली. 'बुडताना माणसाला त्रास होतो का'. "ही माझी. हे मी लिहिल्यानंतर बाकीचं यायला लागलं. मी त्याला अग्नी दिलेला डोळ्यांनी पाहिलाय हो, सुजाताताई. मग हे कोण शोधतंय?"

खोलीत पंखा चालू होता, बाहेर लक्ष्मी रस्त्याचे हॉर्न ऐकू येत होते, स्वयंपाकघरात काका कपबशा मांडत होते. भर दुपार. तरी मी वळून खोलीचं दार उघडं आहे ना ते पाहिलं.

मग धंद्याचं डोकं चालायला लागलं. असे ब्राउझर एका नावानं दोन ठिकाणी उघडे असले, की इकडे लिहिलेलं तिकडे दिसतं आणि तिकडचं इकडे. ही सोय आहे. घरच्या कॉम्प्युटरवर अर्धवट वाचलेलं पान बसमध्ये फोनवर वाचता यावं म्हणून केलेली. मी दुसऱ्या उपकरणांवर उघडी असलेली पानं दाखवणारी यादी काढली. तिथे लिहिलेलं होतं, 'मिहीरचा फोन'. खाली दोन पानं. वेळ आजची, सकाळची.

म्हणजे पाण्यात गेलेला फोन आज सकाळी चालू होता.

फोन कुठे आहे ते पाहायचा प्रयत्न केला, तर पासवर्ड मागितला. तो कोणाकडेच नव्हता. मी काकूंना सांगण्यासाठी वळले आणि शब्द जुळवत राहिले. 'जिवंत आहे' असं चुकूनही ऐकू जाता कामा नये, हे एकच मनात होतं. तेवढ्यात काकूंनी माझ्या हाताखालून कीबोर्ड ओढून घेतला. भूगोलाच्या बाई, एकेक अक्षर शोधत, त्यांनी शोधायच्या जागेत लिहिलं, 'मिहीर तू आहेस का', आणि बटण दाबलं.

शोधाची उत्तरं आली. त्या नावाच्या कोणत्या कोणत्या माणसांचे फोटो. काकूंनी ती पाहिलीही नाहीत. त्या पान उघडायच्या, बंद करायच्या, परत यादी उतरवायच्या. काका चहाचा ट्रे घेऊन दारात आले.

यादीत वरची ओळ बदलली होती.

'कोण आहे'.

ट्रे खाली पडला नाही, एवढंच मी काकांच्या बाबतीत सांगू शकते. त्यांनी तो हळूच पलंगावर ठेवला. चहा बशांमध्ये सांडला होता. काकूंचे दोन्ही हात मांडीवर होते, कीबोर्डपासून लांब, हे त्यांनी पाहिलं. माझेही पाहिले. मग ते स्क्रीनपाशी आले, चष्मा वर करून ती दोन शब्दांची ओळ वाचली आणि मागे सरले. आयुष्यभर सह्या तपासलेला माणूस. त्यांचा चेहरा असा झाला की मला त्यांच्याकडे बघवेना.

"तो नाही," मी म्हणाले. आवाज माझा मलाच मोठा वाटला. "काकू, काका, तो नाही. त्याचा फोन कुणाकडे तरी आहे. त्या माणसानं त्यातून मिहीरचं नाव काढलेलं नाही, म्हणून तुमचं त्याला दिसतंय आणि त्याचं तुम्हाला."

"चोर," काका म्हणाले. रंग परत आला त्यांच्या चेहऱ्यावर. रागाचा आधार मिळाला की माणूस उभा राहतो. "मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा. पोलिसांत देतो."

"चोर भूमिती शोधत नाही," काकू म्हणाल्या. "आणि तो घाबरलाय. लिहिलंय बघा कसं. सुजाताताई, मी उत्तर देऊ?"

मी काकांकडे पाहिलं. ते खिडकीकडे तोंड करून उभे होते. नाही म्हणाले नाहीत. काकूंनी सांगितलं आणि मी लिहिलं. 'मी मिहीरची आई. घाबरू नका. हा फोन तुमच्याकडे कसा आला एवढंच सांगा.' पुढे त्यांच्या घरचा नंबर. शोधायच्या जागेत असला मजकूर मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिला. बटण दाबलं.

आम्ही बसून राहिलो. चहा तसाच राहिला. बऱ्याच वेळानं 'मिहीरचा फोन' या नावाखालची पानं नाहीशी झाली. आधी एक, मग दुसरं. त्या बाजूला कुणीतरी एकेक दिवा मालवत गेल्यासारखं. नंतर काहीच आलं नाही.

मी निघाले तेव्हा काका दारापर्यंत आले. "मॅडम, ते डिफॉल्ट," ते म्हणाले. मी म्हटलं, "बदलू?" ते म्हणाले, "राहू द्या सध्या."

घरी गेल्यावर मी जेवले, टीव्ही लावला, पण स्वतःचा फोन पालथा घालून ठेवला. इतकी वर्षं लोकांना "यात भुताटकी काही नाही" म्हणून सांगत आले होते. खरंच नव्हती. कारण मला ठाऊक होतं, नीट उलगडून सांगताही आलं असतं. तरी ती 'कोण आहे' ओळ डोळ्यांपुढून जाईना. कारण कळल्यानं भीती जाते हे मला त्या दिवसापासून पटत नाही.

त्यानंतर कितीतरी दिवस काही कळलं नाही. मीही विचारलं नाही. मग एका सकाळी काकूंचा फोन आला. "मिहीरचा फोन जिच्याकडे आहे ना, तिनं फोन केला होता. येते आहे. बाई आहे. लता नाव. रविवारी एसटीनं स्वारगेटला उतरेल. तुम्ही याल का? मी तुमच्याबद्दल सांगितलं, तर ती म्हणते, फोनचं सगळं बघणाऱ्या ज्या ताई आहेत त्या असल्या तरच येईन. आम्हा दोघांसमोर एकटीला यायला भिते आहे."

लताबाई चाळिशीच्या, रापलेल्या, हिरवी साडी, डोक्यावर पदर. दारातच काकूंच्या पाया पडायला वाकल्या. काकूंनी दंडाला धरून उठवलं. सोफ्यावर बसायला तयार नव्हत्या, शेवटी अगदी कडेला टेकल्या. कमरेच्या पिशवीतून त्यांनी फोन काढला. त्याला काळा दोरा गुंडाळलेला होता आणि पाठीवर हळदीकुंकवाचं बोट.

"माजं चुकलं," त्या म्हणाल्या. "आदी ते सांगते."

पाण्याच्या वरच्या रस्त्याला त्यांची चहा-भज्यांची टपरी आहे. मिहीर तिथे थांबला होता. फोन टपरीतच राहिला. दुसऱ्या दिवशी गर्दी, पोलीस, गाड्या. त्यांच्या मालकांनी सांगितलं, आपण यात पडायचं न्हाई, टपरी उठवतील. फोन बंद करून डब्यात ठेवला. वर्षभर हात लावला नाही. मग मुलीच्या शाळेचा अभ्यास फोनवर यायला लागला, घरात दुसरा फोन नव्हता. त्याला कसलं कुलूपही नव्हतं. आपलं सिमकार्ड घातलं.

"आन् मग ते सुरू झालं," लताबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या. "शाळंची लिंक दाबली का दुसरीकडंच उगडायचं. वर त्या दादाचा फोटू. म्हनलं आसंल. तर येक दिवस खाली लिवल्यालं, बुडताना मानसाला तरास होतो का. ताई, माजं हातपाय गळालं. आमच्या घरात कुनी लिवलं न्हाई. मला वाटलं तोच इचारतोय. जो बुडला त्योच मला इचारतोय."

काकूंनी पदर तोंडाशी नेला.

"फोन कनगीत टाकला, जुंधळ्यात. पोरगी आब्यास न्हाई म्हनून रडायला लागली. काढला, दोरा बांदला. मग मीच फोनला इचारायला लागले, मेलेल्याचा फोन वापरला तर काय होतं. त्या नकाशात तुमच्या गल्लीचं नाव यायचं सारकं, ते उगडून बगायची. म्हनायची, हितं त्याचं घर हाय. जावं का, सांगावं का. धीर झाला न्हाई. मग त्या दिवशी, मिहीर तू आहेस का. आवो, मी चुलीपुढं होते. पोरीच्या हातातनं घेतला आन् लिवलं, कोण आहे." त्यांनी श्वास घेतला. "मग तुमचं आलं. आई म्हनून. तवा लई रडले. फोन बंद केला. मालकाला सांगायला इतकं दिस लागलं."

म्हणजे दोन्हीकडे तेच चाललं होतं. इथे काकू आणि तिथे ही बाई, दोघींना एकच मेलेला मुलगा बोलताना दिसत होता, आणि दोघी एकमेकींना भीत होत्या. मी ते समजावून सांगायला गेले, तर दोघींनाही त्याची गरज उरलेली नव्हती. काकूंनी लताबाईंचा हात धरला होता.

काकांनी खुर्ची पुढे ओढली. म्हणाले, "तो कसा होता?"

"कसा म्हंजे?"

"त्या दिवशी. टपरीवर." काकांनी काकूंकडे पाहिलं नाही. "सकाळी आमची वादावादी झाली होती. नोकरी सोडली म्हणून. मी त्याला नको ते बोललो. लोक तोंडावर काही म्हणत नाहीत, पण लोकांना काय वाटतं ते आम्हाला माहीत आहे. मलाही तेच वाटतं. तुम्ही खरं काय ते सांगा. बरं वाटावं म्हणून काही सांगू नका."

काकूंचा चेहरा बघून मला कळलं की दोन वर्षांत हा विषय या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला होता.

लताबाईंना प्रश्नाचा रोख कळायला थोडा वेळ लागला. कळला तशा त्या ताठ बसल्या. "न्हाई न्हाई. तसलं काय न्हाई. भजी खाल्ली की त्यानं. मिरची लावून. मग म्हनला, मावशी, फोन उतरलाय, चार्जिंगला लावता का? म्या लावला. जाताना म्हनला, ऐंशी टक्के झालं का काढा बरं का, न्हायतर बॅटरी खराब होती. तवर मी पाय बुडवून येतो. मागल्या अंगाला शेवाळ हाय, म्या सांगितलं बी, तिकडनं जाऊ नगा. हसला."

काका म्हणाले, "पुन्हा सांगा. तो काय म्हणाला तेवढंच."

लताबाईंनी पुन्हा सांगितलं. तेच शब्द, त्याच क्रमानं.

काका उठून आत गेले. बऱ्याच वेळानं तोंड धुऊन बाहेर आले आणि कोणाकडे न बघता जेवणाची पानं मांडायला लागले.

जेवणं झाल्यावर काकूंनी फोन लताबाईंच्याच हातात परत दिला. "मुलीचा अभ्यास थांबू नये," त्या म्हणाल्या. "सुजाताताई, त्यातलं त्याचं तेवढं काढून घ्या." मी फोटो उतरवून घेतले, नाव काढायचं पान उघडलं आणि बटण काकूंपुढे धरलं. ते त्यांनी दाबावं असं मला वाटलं. त्यांनी दोरा आधी सोडवला, मग दाबलं. कॉम्प्युटरच्या यादीतून 'मिहीरचा फोन' ही ओळ गेली. काकू तिथे थोडा वेळ पाहत राहिल्या. "गेला," म्हणाल्या, आणि ताटं उचलायला लागल्या.

लताबाईंना रिक्षात बसवायला काका आणि मी खाली उतरलो. रिक्षा सुरू झाली, तसा काकांनी तिच्या दांडीवर हात ठेवला. रिक्षावाला खेकसला. काकांनी लक्ष दिलं नाही.

"मग काढलात का?" त्यांनी विचारलं. "ऐंशीला?"

"काढला की," लताबाई म्हणाल्या. "काढला, पदरानं पुसला आन् वर फळीवर ठिवला. आल्यावर गावावा म्हनून."

"बरं केलंत," काका म्हणाले, आणि त्यांनी रिक्षा सोडली.